बंगालचा उपसागर आणि गोदाकाठ

समुद्रावरील वादळ म्हटले म्हणजे मनापुढे किनाऱ्याचेच चित्र उभे राहते: मोडून पडलेले माड, वाळूत उलटी झालेली गलबते, धक्क्यावरून गावात शिरलेले खारे पाणी. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाने ही वार्ता ऐकावी, घटकाभर हळहळावे आणि आपल्या कामास लागावे, एवढाच त्याचा वादळाशी संबंध, असा सर्वसाधारण समज आहे. नांदेडपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर असलेल्या मुदखेडासारख्या गावी तर हा समज अगदी रास्त वाटावा. मुदखेडच्या पश्चिमेस अरबी समुद्र सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे, आणि आग्नेयेस बंगालचा उपसागरही जवळजवळ तितकाच दूर आहे. मनमाडकडून येणारा रेल्वेचा रस्ता येथे फुटतो. एक फाटा निजामाबादेवरून सिकंदराबादेस जातो व दुसरा आदिलाबादेस. भोवती काळी जमीन आहे, दक्षिणेस गोदावरी आहे, आणि समुद्राचे नाव निघण्याचेही काही कारण वरवर पाहता दिसत नाही.

असे असूनही मुदखेडच्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचा निकाल पुष्कळदा बंगालच्या उपसागरात लागतो. आंध्राच्या किनाऱ्यावर येऊन आदळलेली सगळीच वादळे तेथे संपत नाहीत. त्यांचा वारा तेथे संपतो. पाणी पुढे येते. ह्या वादळांचा इतिहास किनाऱ्याच्या बाजूने पुष्कळ लिहिला गेला आहे, आणि तो लिहिण्याजोगाही आहे. परंतु तोच इतिहास दख्खनच्या बाजूने, गोदावरीच्या काठी उभे राहून पाहिला, तर त्यात एक निराळाच प्रश्न दिसू लागतो. त्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

त्यासाठी प्रथम वादळाची घडण थोडक्यात समजून घेणे अवश्य आहे. चक्रीवादळ म्हणजे उष्ण समुद्रावर चालणारे एक प्रचंड यंत्रच होय. समुद्राच्या पृष्ठभागाचे उष्णतामान साडेसव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर गेले म्हणजे पाण्याची वाफ विपुल होते. ती वर चढते, थंड होते, तिचे ढग बनतात, आणि वाफेचे पुन्हा पाणी होताना तिच्यात साठलेली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते, खालचा वायुभार आणखी कमी होतो, आणि सभोवारची हवा त्या उणिवेकडे धाव घेते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही धावणारी हवा सरळ न जाता वळते, आणि उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगर फिरू लागते. मध्यभागी एक शांत जागा राहते; तिला वादळाचा डोळा म्हणतात. हा डोळा माथ्यावर आला म्हणजे वारा पडतो, आकाशही क्वचित उघडते, आणि अजाण माणूस संकट टळले असे समजून घराबाहेर येतो. थोड्याच वेळात उलट दिशेचा वारा तितक्याच जोराने सुरू होतो.

ह्या यंत्राचे इंधन म्हणजे समुद्राची वाफ. जमिनीवर येताच ते इंधन तुटते, आणि वाऱ्याचा वेग साधारणतः दिवसाभरात ओसरतो. परंतु शेकडो किलोमीटर रुंदीच्या त्या भोवऱ्यात भरलेला ओलावा दिवसाभरात नाहीसा होत नाही. भोवरा मंदावतो, तरी फिरत राहतो. पश्चिमेकडे वा वायव्येकडे सरकत राहतो. आणि वाटेत अरबी समुद्राकडील ओलसर वारेही आपल्याकडे ओढून घेतो. पावसाळ्याच्या दिवसांत पश्चिमेकडे चाललेल्या अशा भोवऱ्याच्या नैऋत्य अंगास पाऊस सर्वांत अधिक पडतो. म्हणून भोवऱ्याचा मध्य विदर्भावरून चालला असताही पुष्कळदा झोडपला जातो तो मराठवाडा.

महाराष्ट्राला अधिक परिचय आहे तो अरबी समुद्रातील वादळांचा. १८८८ च्या नोव्हेंबरात मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत, आणि तिच्याविषयीची गीते व कथा त्या किनाऱ्यावर पुढे कित्येक वर्षे चालत राहिल्या. १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबई शहराने वादळाचा तडाखा सोसला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे वादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, आणि रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. तथापि जुन्या नोंदींच्या हिशेबाने अरबी समुद्रात एक वादळ होते, तेव्हा बंगालच्या उपसागरात चार होतात. उपसागराचे पाणी अधिक उष्ण. त्याचा किनाऱ्यालगतचा तळ उथळ. त्यामुळे वाऱ्याने लोटलेल्या पाण्याला खाली जावयास जागा मिळत नाही आणि ते भिंतीसारखे वर चढून किनाऱ्यात घुसते. मृग लागण्यापूर्वीचा वैशाख-ज्येष्ठाचा काळ आणि पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने ह्या वादळांचे मुख्य दिवस होत.

आंध्राच्या किनाऱ्यावर ह्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत करुण साक्ष कोरिंगा ह्या गावाची आहे. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून जेथे समुद्रास मिळते, त्या मुखाजवळच, आजच्या काकिनाड्याच्या शेजारी, हे बंदर होते. जहाजे बांधण्याचा व दुरुस्त करण्याचा तेथे मोठा उद्योग चाले. १७८९ च्या डिसेंबरात वादळाबरोबर एकामागून एक तीन प्रचंड लाटा गावावर चालून आल्या, आणि वस्ती व गलबते ह्यांची एकच वाताहत झाली. गाव पुन्हा उभे राहिले. पन्नास वर्षांनी, २५ नोव्हेंबर १८३९ रोजी, तोच प्रसंग पुन्हा ओढवला. त्या दिवशी तीन लक्ष माणसे व वीस हजार नौका बुडाल्या, असा आकडा पुस्तकांतून फिरत आला आहे. एवढ्याशा बंदराची वस्ती ध्यानात घेता तो जपूनच घ्यावयास हवा. परंतु आकडा काहीही असो, त्यानंतर कोरिंग्याचे बंदर पूर्वपदास आले नाही, ही गोष्ट खरी.

ह्याच काळात कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नावाचे एक गृहस्थ उपसागरातील वादळांचा अभ्यास करीत होते. त्यांची रीत साधी पण चिकाटीची होती. वादळात सापडलेल्या निरनिराळ्या जहाजांचे रोजनामे ते मिळवीत, कोणत्या जहाजावर कोणत्या वेळी कोणत्या दिशेने वारा वाहत होता हे नकाशावर मांडीत, आणि त्या तुकड्यांवरून सबंध वादळाची आकृती सिद्ध करीत. ती आकृती सापाच्या वेटोळ्यासारखी दिसे. त्यावरून त्यांनी ग्रीक भाषेच्या आधाराने ‘सायक्लोन’ हा शब्द घडविला, आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात तो वापरला. आज जगभर चालणारा हा शब्द बंगालच्या उपसागराने दिलेला आहे.

शब्द मिळाला, परंतु इशारा मिळावयास आणखी मोठे संकट यावे लागले. १८६४ साल त्या दृष्टीने संस्मरणीय आहे. ५ ऑक्टोबरला कलकत्त्यावर वादळ आले आणि पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. ह्या धक्क्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १ नोव्हेंबरला कृष्णेच्या मुखाजवळील मछलीपट्टणवर दुसरे वादळ आले. तेथे सुमारे तीस हजार लोक बुडाले. एका महिन्याच्या आत घडलेल्या ह्या दोन अनर्थांनी सरकारचे डोळे उघडले. पुढल्याच वर्षी कलकत्त्याच्या बंदरास वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था झाली. १८७५ साली हिंदुस्थानचे हवामानखाते स्थापन झाले, आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढे १९२८ साली ह्या खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ असेच म्हणतात. तारायंत्राने वार्ता जमवावी, नकाशे काढावेत, आणि धोका दिसताच बंदरावर दिवसा बावटा व रात्री दिवा चढवावा, अशी रीत रूढ झाली.

ही व्यवस्था बंदरांसाठी होती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. तिचा जन्मच जहाजांच्या काळजीतून झालेला. वादळ म्हणजे समुद्रावरची गोष्ट, हे तिचे गृहीतक. ते गृहीतक किती अपुरे होते, हे १९०८ साली दिसून आले.

त्या काळी मुदखेड आणि सगळा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि हैदराबाद ही त्या राज्याची राजधानी होती. ती समुद्रापासून अडीचशेहून अधिक किलोमीटर आत आहे. १९०८ च्या सप्टेंबराच्या अखेरीस बंगालच्या उपसागरातील एक वादळी भोवरा किनारा ओलांडून दख्खनवर आला आणि मुसी नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याने आपले पाणी ओतले. मुसी ही एरवी लहानशी नदी. तिच्या पाणलोटात शेकडो तलाव होते. त्यांतले दोनशेहून अधिक एकापाठोपाठ एक फुटले, आणि एकाचे पाणी दुसऱ्यास फोडीत खाली आले. २८ सप्टेंबरला नदी शहरात शिरली. पूल पाण्याखाली गेले, मोहल्लेच्या मोहल्ले वाहून गेले, सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडली. अफझलगंजातील एका जुन्या चिंचेवर चढून दीडशे लोक वाचले. ते झाड पुढे हैदराबादेत वंदनीय झाले. निजाम मीर महबूब अली खान ह्यांनी राजवाड्यांची दारे निराश्रितांस उघडी केली. दुसऱ्या वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांस पाचारण करण्यात आले. शहराच्या वरच्या अंगास पाणी अडविल्यावाचून शहर सुरक्षित होणार नाही, असा सल्ला त्यांनी दिला, आणि त्यातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) व तिच्या ईसी ह्या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) असे दोन जलाशय निर्माण झाले.

मुसीचा हा पूर म्हणजे दख्खनला मिळालेला पहिला मोठा धडा होय. त्या दिवशी हैदराबादेत ना समुद्राची लाट आली, ना झंझावाताने घरे उडाली. आले ते केवळ पाणी. किनाऱ्यावर ज्या वादळाचा फार बोभाटा झाला नाही, त्याच वादळाने अंतर्भागातील राजधानी बुडविली. वादळाच्या जोराचे माप वाऱ्याच्या वेगावरून घ्यावयाचे, ही बंदरांची रीत दख्खनच्या उपयोगी पडत नाही, हा त्या धड्याचा अर्थ होता.

किनाऱ्यावर मात्र पुढील काळात इशाऱ्याचे शास्त्र व व्यवस्था ह्यांची मोठी प्रगती झाली, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी कृष्णेच्या मुखाजवळील दिवीसीमा भागावर आलेल्या वादळात सुमारे पाच मीटर उंचीचे समुद्राचे पाणी कित्येक किलोमीटर आत आले आणि सरकारी गणतीप्रमाणेच सुमारे दहा हजार माणसे गेली. इशारा निघाला होता, पण तो खेड्यांतील झोपड्यांपर्यंत जाऊन माणसे हलविण्याइतका पोहोचला नव्हता. त्यानंतर उंचवट्यावर पक्के निवारे बांधले गेले, रडार व उपग्रह ह्यांची जोड मिळाली, आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना गावे रिकामी करण्याची सवय झाली. ९ मे १९९० रोजी त्याच भागावर जवळजवळ तितकेच बलाढ्य वादळ आले. लाखाहून अधिक लोकांना अगोदर हलविण्यात आले होते, आणि मृतांची संख्या हजाराच्या आत राहिली. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ हे वादळ थेट विशाखापट्टणसारख्या मोठ्या शहरावर आले. तेथे घरादारांची व झाडांची हानी अतोनात झाली, परंतु प्राणहानी शेकड्यांतही गेली नाही. सदतीस वर्षांत दहा हजारांवरून हा आकडा इतका खाली यावा, ह्यासारखे समाधान मानवी प्रयत्नांच्या इतिहासात थोडेच असेल.

मग मुदखेडच्या बाजूने प्रश्न उरतो तो कोणता? तो समजण्यास २०२० व २०२१ ह्या दोन लागोपाठच्या वर्षांतील दोन प्रसंग पुरेसे आहेत.

१३ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी काकिनाड्याजवळ उपसागरातील एक भोवरा किनाऱ्यावर आला. त्याचा वारा चक्रीवादळाच्या पायरीपर्यंत चढला नव्हता, म्हणून त्याला नाव मिळाले नाही. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ पासून सुरू झाली. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरांस पोहोचला म्हणजेच नाव द्यावयाचे, असा तिचा नियम आहे. हा निनावी भोवरा त्याच दिवशी व रात्री हैदराबादेवर कोसळला, आणि एकशे बारा वर्षांपूर्वीच्या मुसीच्या पुराची आठवण लोकांना झाली. पुढे तो सोलापूर, तेव्हाचे उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, आणि पुणे ह्या भागांवरून गेला. काढणीस आलेला सोयाबीन शेतातच भिजला. नदीकाठच्या जमिनींवरील माती खरवडून गेली. सबंध द्वीपकल्प ओलांडून तो भोवरा अरबी समुद्रात उतरला, आणि १७ तारखेस तेथे पुन्हा बळावलेला आढळला.

दुसऱ्या वर्षीचा प्रसंग ह्याहून बोलका आहे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी सायंकाळी आंध्राच्या उत्तर भागात कलिंगपट्टणजवळ ‘गुलाब’ नावाचे चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. नाव पाकिस्तानने सुचविलेले होते. जमिनीवर येताच ते नियमाप्रमाणे क्षीण होऊ लागले, आणि ‘गुलाब’ हे नाव वार्तापत्रांतून मागे पडून त्या जागी ‘कमी दाबाचे क्षेत्र’ हे निरुपद्रवी शब्द आले. २७ व २८ सप्टेंबर ह्या दोन दिवसांत तेच क्षेत्र तेलंगणावरून मराठवाड्यावर आले. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. मांजरेच्या काठची शेते तळ्यांसारखी झाली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत पुराने वेढलेल्या लोकांना काढण्यासाठी हेलिकॉप्टर व नावा आणाव्या लागल्या. माणसे दगावली, गुरे वाहून गेली. नंतर तो भोवरा अरबी समुद्रात उतरला, पुन्हा बळावला, आणि त्याला कतारने सुचविलेले ‘शाहीन’ हे नवे नाव मिळाले. ३ ऑक्टोबरला ‘शाहीन’ ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन थडकले.

एकाच भोवऱ्याला पूर्वेच्या समुद्रावर एक नाव मिळाले व पश्चिमेच्या समुद्रावर दुसरे. परंतु ज्या मधल्या मुलखावर त्याने सर्वांत अधिक पाणी टाकले, तेथून जाताना तो निनावी होता. मुदखेडचा परिसर फुलशेतीसाठी प्रसिद्ध आहे. गुलाब हे तेथील शेतकऱ्याचे रोजचे पीक. त्याच नावाच्या वादळाचे पाणी मराठवाड्यात आले, तेव्हा नाव मागे पडलेले होते. हे नुसते नावाचे कौतुक नव्हे. नावाबरोबर लोकांचे लक्षही जाते. जोवर वादळाला नाव असते तोवर वर्तमानपत्रे त्याचा माग घेतात, अधिकारी रात्री जागतात, घराघरांत त्याची चौकशी होते. ‘वादळ क्षीण झाले’ असे शब्द कानी पडताच सर्वांनाच सुटल्यासारखे वाटते. किनाऱ्यावरच्या माणसाला तसे वाटणे योग्यच आहे. गोदावरीच्या काठच्या माणसाची वेळ मात्र तेथूनच सुरू होते.

गोदावरीच्या रचनेमुळे ही गोष्ट अधिक बिकट होते. नांदेडच्या वर पूर्णा आपले पाणी आणून देते. नांदेडजवळ आसना मिळते. आणि खाली कंदकुर्तीजवळ, तेलंगणाच्या सीमेवर, बालाघाटाच्या डोंगरातून निघालेली मांजरा येऊन मिळते. पूर्वेकडून आलेला भोवरा ह्या सगळ्या खोऱ्यांवर एकाच वेळी बरसतो. त्यातच तो बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, म्हणजे जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी ही धरणे भरत आलेली असतात, आणि नव्या पाण्यास जागा थोडी उरलेली असते. शेतात सोयाबीन कापून पडलेला असतो, कापसाची बोंडे उकललेली असतात. जुन्या गावांत मातीच्या भिंतींची माळवदी घरे अजून आहेत. दोन-तीन दिवस झड लागली म्हणजे माळवद पाणी पिऊन जड होते आणि भिंतीसह खाली बसते. किनाऱ्यावर वादळाचा बळी लाटेने जातो. येथे तो पुलावरून वाहणारे पाणी ओलांडताना, विजेने, किंवा स्वतःच्या घराच्या भिंतीखाली जातो. हे मृत्यू एकेकटे, ठिकठिकाणी विखुरलेले असतात, म्हणून ते वादळाच्या खाती मांडलेही जात नाहीत.

आणि शेवटी हे सगळे पाणी जाते कोठे? गोदावरीच्या वाटेने पुन्हा त्याच उपसागराकडे. ऑगस्ट १९८६ मध्ये उपसागरातून आलेल्या अशाच एका भोवऱ्याने गोदावरीच्या खोऱ्यात पाऊस पाडला, आणि भद्राचलम येथे नदी ७५ फुटांच्याही वर चढली. तेव्हा मुखाजवळच्या प्रदेशाला पुराने गाठले ते समुद्राच्या बाजूने नव्हे, डोंगराच्या बाजूने. कोरिंग्याचा किनारा आणि मुदखेडचे शिवार ही अशा रीतीने एकाच नदीची दोन टोके आहेत. आकाशाच्या वाटेने पाणी वर चढते आणि नदीच्या वाटेने खाली उतरते.

ह्या पाहुण्याची केवळ निंदा करणेही न्यायाचे होणार नाही. मराठवाडा हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील मुलूख. नैऋत्येचे वारे आपले बहुतेक पाणी कोकणात व घाटमाथ्यावर टाकून येतात, आणि येथे पोहोचतात ते रिकाम्या हातांनी. म्हणून पूर्वेकडून येणारे हे भोवरेच कित्येक वर्षी येथील विहिरी व तलाव भरतात. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी पाऊस आला आणि कोरडे पडलेले मांजरा धरण भरून वाहू लागले. ज्या वर्षी उपसागर शांत राहतो, त्या वर्षी मराठवाड्यात रब्बीच्या ज्वारीला ओल मिळत नाही. तेव्हा ह्या वादळांवाचून येथील माणसाचे चालणार नाही, आणि त्यांच्याविषयी बेसावध राहूनही चालणार नाही.

पुढील काळात तर ही सावधगिरी अधिकच लागणार आहे. हवेचे उष्णतामान एका अंशाने वाढले म्हणजे तिच्यात सुमारे सात टक्के अधिक वाफ मावते, असा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. समुद्र तापत चालले आहेत. भोवऱ्यांची संख्या वाढो वा न वाढो, प्रत्येक भोवरा पूर्वीपेक्षा अधिक पाणी घेऊन येण्याचा संभव त्यामुळे वाढतो.

ह्यावर उपाय नाही असे नाही, आणि तो फार खर्चाचाही नाही. सुदैवाने अंतर हेच येथे माणसाचे मित्र आहे. आंध्राच्या किनाऱ्यावर आलेला भोवरा मराठवाड्यावर यावयास एक ते दोन दिवस घेतो. हवामानखाते त्याच्या मार्गाचे अनुमान रोज प्रसिद्ध करते, आणि जिल्ह्याजिल्ह्यासाठी हिरव्या, पिवळ्या, नारंगी व तांबड्या रंगांनी धोक्याची पायरी सांगते. एका दिवसात पुष्कळ होऊ शकते. कापलेल्या सोयाबीनची गंजी उंचवट्यावर घालून तिच्यावर ताडपत्री बांधता येते. नदीतील मोटारी वर काढून घेता येतात. गुरे काठावरच्या गोठ्यांतून गावात आणता येतात. ज्यांची माळवदे जुनी आहेत त्यांना शाळेत वा देवळात दोन रात्री काढता येतात. धरणांच्या अधिकाऱ्यांना पाणी येण्यापूर्वीच थोडे थोडे सोडून जागा करता येते. एकदम दरवाजे उघडण्याची पाळी आली म्हणजे खालच्या गावांना तो दुसराच पूर होतो. पूर्वी गावात कोतवाल दवंडी पिटीत असे. आता ती दवंडी दूरध्वनीवरून घरोघरी येते. उणीव आहे ती दवंडीची नव्हे, ती आपल्यासाठी आहे हे ओळखण्याची.

हे ओळखणे शहरातील सुशिक्षित कुटुंबांनाही अवघड नसावे. नांदेड, लातूर, पुणे, मुंबई येथे राहणाऱ्या कित्येकांची शेतीवाडी व वडीलधारी मंडळी अजून गोदावरी-मांजरेच्या काठी आहेत. काकिनाडा, मछलीपट्टण, कलिंगपट्टण ही नावे त्यांनी परक्या किनाऱ्याची म्हणून सोडून देऊ नयेत. त्या गावांवर वादळ आल्याचे ऐकू आले, म्हणजे नकाशावर तेथून नांदेडकडे एक रेघ ओढून पाहावी. आणि ‘वादळ क्षीण झाले’ ही बातमी येईल, त्याच वेळी घरी दूरध्वनी करून विचारावे की गंजीवर ताडपत्री पडली का, मोटार वर काढली का, आणि आज रात्री सगळे कोठे निजणार आहेत.